समोरचं विमान

पाच महिन्यांच्या रजेनंतर मी कामावर परतलो, तेव्हा मला माइक मिळाला नाही. तसा नियमच आहे. विमानांना रडारवरून सूचना देणारा माणूस ठरावीक काळापेक्षा जास्त दूर राहिला, की त्याला शिकाऊ माणसासारखं दुसऱ्या कुणाच्या देखरेखीखाली बसावं लागतं. काही आठवडे तसे काढायचे, मग एक परीक्षा. पास झालात तर खुर्ची पुन्हा तुमची. नाही झालात तर वरच्या मजल्यावर एक टेबल आणि परिपत्रकं.

मला ती खुर्ची हवी होती. किती हवी होती हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही. बायको गेल्यापासून घरात मला कुणी काही विचारत नव्हतं. चहा टाकू का, पंखा बंद केलास का, ते पुस्तक संपलं का, काहीच नाही. त्या खुर्चीत मात्र दर काही सेकंदांनी कुणीतरी काहीतरी विचारतं आणि माझ्या उत्तरासाठी थांबतं. आकाशात असतं, दिसत नाही, नाव ठाऊक नसतं, तरी थांबतं. छप्पन्नाव्या वर्षी, परक्या शहरात, एवढंच माझं म्हणून उरलं होतं.

देखरेखीला जी बसली ती माझीच विद्यार्थिनी. बारा वर्षांपूर्वी ती नवी लागली तेव्हा तिच्या शेजारी दुसरा हेडसेट लावून मी बसत असे. बंगाली, लहान चणीची, बोलायला फटकळ. पहिल्या दिवशी तिने तो दुसरा हेडसेट डोक्यावर चढवला आणि म्हणाली, "दादा, मला किती रडवलं होतं तुम्ही, आठवतं? आता माझी पाळी."

"मी कधी रडवलं?"

"बाथरूममध्ये जाऊन रडायचे. तुमच्यासमोर रडले असते तर तुम्ही त्याचंही रीडबॅक मागितलं असतं." रीडबॅक म्हणजे मिळालेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवणं.

आमच्या खोलीची भाषा हिंदी, बंगालीची फोडणी दिलेली, आणि विमानांशी इंग्रजी. मराठी मी फक्त घरी बोलत असे. म्हणजे आता बोलत नसे. पुण्याहून बहिणीचा फोन आला तर तेवढीच.

आमची खोली अंधारी असते आणि तिला खिडकी नाही. उंच काचेच्या टॉवरमधले लोक बाहेर बघून काम करतात, आम्ही फक्त पडदा बघतो. काळ्या पडद्यावर ठिपके, ठिपक्याशेजारी उंची आणि वेग. शहराच्या चहूबाजूंनी येणारी विमानं एका रांगेत लावून धावपट्टीच्या तोंडाशी आणून द्यायची, हे आमचं काम.

उतरण्याच्या दोन पद्धती आहेत. एक, जमिनीवरच्या यंत्रातून निघणारी अदृश्य वाट धरून यायचं. दुसरी, वैमानिकाने खिडकीतून धावपट्टी बघायची, "दिसली" म्हणायचं आणि डोळ्यांनी बघत उतरायचं. हिला आम्ही व्हिज्युअल म्हणतो. हवा स्वच्छ असली की ती सगळ्यांना आवडते. लांबचा वळसा वाचतो, इंधन वाचतं, गर्दीच्या वेळी आम्हालाही श्वास घ्यायला जागा मिळते. धोका असतो तो एका शब्दात. पुढे दुसरं विमान असेल तर मागच्याला विचारायचं, समोरचं विमान दिसतंय का? त्याने "दिसतंय" म्हटलं की त्याच्यापासून अंतर राखणं ही त्याची जबाबदारी होते. तोवर ती माझी असते.

म्हणजे खिडकी नसलेल्या खोलीत बसलेल्या माणसाने खिडकीत बसलेल्या माणसाला विचारायचं, तुला काय दिसतंय, आणि त्याच्या उत्तरावर शेकडो लोकांना सोडून द्यायचं.

मोठ्या शहरावर तर हे फारच अवघड. संध्याकाळी खाली सगळीकडे दिवेच दिवे असतात. विमानतळाकडे येणारे रस्ते सरळ, लखलखीत, दोन्ही बाजूंना रांगा. दोन धावपट्ट्या शेजारीशेजारी. दुर्गापूजेच्या आधीचे पंधरा दिवस तर विचारू नका. बांबूच्या कमानी उठतात आणि रस्तेच्या रस्ते चंदननगरच्या रोषणाईने भरून जातात. फार वर्षांपूर्वी एका वैमानिकाने माझ्या फ्रीक्वेन्सीवर "रनवे दिसतोय" म्हणून चक्क एका रस्त्याकडे वळायला सुरुवात केली होती. मी विचारलं, काय दिसतंय ते सांगा. तो म्हणाला, दिव्यांच्या दोन रांगा, आणि मध्ये... आणि थांबला. मध्ये बस दिसली असावी. मग फार सभ्य आवाजात म्हणाला, धावपट्टी दिसत नाहीये.

म्हणून मी नव्या मुलामुलींना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवत आलो. उत्तर फार लवकर आलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. शोधायला वेळ लागतो. प्रश्न संपायच्या आत "दिसतंय" आलं, तर त्या माणसाने शोधलेलंच नाही. त्याला जे दिसणार असं वाटत होतं, ते त्याने पाहून टाकलं. पुन्हा विचारा. कुठल्या दिशेला, वळतंय की सरळ जातंय, वर आहे की खाली.

बायको या शिकवणीची टिंगल करायची. "लोकांना आकाशातली विमानं शोधायला लावतोस, आणि घरात डोळ्यांसमोरचं झाकण सापडत नाही तुला."

"कुठे आहे?"

"घड्याळात दोन वाजताच्या दिशेला. सरळ जातंय. ओट्यावर आहे."

आम्ही बालीगंजला राहत होतो, जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. विमानतळाजवळच्या वसाहतीत घर मिळत होतं, तिने नको म्हटलं. तिची शाळा बालीगंजला, आणि पुस्तकांना ओल लागणार नाही अशा भिंती तिला तिथे सापडल्या होत्या. मी रोज ड्युटीच्या गाडीने शहर ओलांडायचो. ती निवृत्त झाल्यावर सकाळपासून खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत वाचत बसायची. अकराच्या सुमारास तिचा डोळा लागायचा. पुस्तक मांडीवर, चष्मा तसाच, मान थोडी डावीकडे. माझी दुपारची पाळी असली की गाडी पावणेबाराला खाली यायची. ती जागी असेल तर मी "येतो" म्हणायचो. झोपलेली असेल तर आवाज न करता निघायचो.

त्या दिवशी मी बूट घालताना दारातून पाहिलं. पुस्तक मांडीवर, चष्मा, मान डावीकडे. झोपलीय, असं मनात म्हटलं. दार इतक्या हळू लावलं की कडीचासुद्धा आवाज झाला नाही, आणि जिना उतरताना मला स्वतःचं जरा कौतुकही वाटलं.

पाचच्या सुमारास खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन ड्युटीवर आला. कामाला येणाऱ्या मावशीने बेल वाजवली, दार उघडत नाही. मला खुर्चीतून उठवून दुसरा माणूस बसवला. मी घरी पोचलो तेव्हा कुलूपवाल्याने दार उघडलं होतं आणि बाई बाहेर पायरीवर बसल्या होत्या.

डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही शेवटचं कधी पाहिलं? मी म्हणालो, पावणेबाराला. झोपली होती. त्यांनी लिहून घेतलं. हृदय थांबलं होतं, दिवसा केव्हातरी. मग प्रत्येकाला मी तेच सांगत गेलो. निघालो तेव्हा झोपली होती. पुण्याहून आलेली ताई म्हणाली, "झोपेतच गेली रे, कळलंसुद्धा नाही तिला. भाग्याची." मी मान हलवली. लोकांना ते वाक्य आवडत होतं, आणि मलाही त्याच्या आड उभं राहता येत होतं.

देखरेखीचे आठवडे तसे बरे गेले. विद्यार्थिनी रोज डबा जास्त आणायची आणि रोज वेगळं कारण सांगायची. "सासूने आलू दोम जास्त केलंय. मी डाएटवर आहे."

"काल पण डाएटवर होतीस. आणि मग चार सिंगाडे, तुमचे ते सामोसे, खाल्लेस."

"ते डाएटचे सिंगाडे होते. खा गुपचूप."

मी घरी रोज स्वयंपाक करतो असं तिला सांगत असे. करत नव्हतो. कुकरला एका माणसाचा भात लावला की तो तळाला चिकटतो, हे मला त्या वर्षी कळलं.

सुट्टीच्या दिवशी बसने एस्प्लनेडला जायचो. काही घ्यायचं नसायचं. फुटपाथवरच्या गर्दीत दोन तास चालायचो, कारण तिथे सगळेच अनोळखी असतात आणि एकटा माणूस उठून दिसत नाही. परत आल्यावर गच्चीवर. आमच्या गच्चीवरून पूर्वेला विमानांची रांग दिसते, दक्षिणेकडून येऊन उत्तरेला उतरत जाणारी. इतकी वर्षं ही विमानं मी पडद्यावर ठिपक्यांसारखी पाहिली होती. आता उघड्या डोळ्यांनी बघताना मला कळेना की कुठलं जवळ आहे आणि कुठलं लांब. अंधार पडायच्या वेळी दिव्याला अंतर नसतं. मोठं विमान लांब असूनही डोळ्यांत भरतं. लहान विमान त्याच्या अलीकडे, खालच्या उंचीवर असलं तर शहराच्या दिव्यांत विरघळून जातं. ही गोष्ट मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवली होती. पाहिली तेव्हाच.

परीक्षा पूजेच्या आदल्या आठवड्यात झाली. दोन दिवस पाऊस पडून गेला होता आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ होती. वापरात असलेल्या धावपट्टीचं यंत्र देखभालीसाठी बंद होतं, त्यामुळे सगळं काम व्हिज्युअलवर. सणाची गर्दी. सूर्य नुकताच मावळलेला. माझ्या शेजारी ती, दुसरा हेडसेट लावून, समोर परीक्षेचा कागद. तिच्या बोटाशी एक कळ असते. ती दाबली की माझा आवाज कापला जाऊन तिचा जातो. ती दाबावी लागली तर परीक्षा तिथेच संपते.

पहिला पाऊण तास चांगला गेला. आवाज जागेवर होता, रांग सरळ होती. मला आठवतं, मला भूक लागली होती, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती भूक खरी वाटत होती.

मग तीन विमानं अशी आली. एक जेट धावपट्टीच्या अगदी जवळ, उतरत असलेलं. त्याच्या मागे, बरंच अंतर सोडून, पंख्यांचं एक छोटं विमान, संथ आणि खाली. आणि पश्चिमेकडून वळून या दोघांच्या मागे येणारं दुसरं एक जेट. या शेवटच्याला मला छोट्या विमानाच्या मागे लावायचं होतं. मी त्याला सांगितलं, समोर पंख्यांचं विमान आहे, अमुक दिशेला, अमुक अंतरावर, दिसलं की कळवा.

माझं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. "ट्रॅफिक इन साइट."

मी म्हणालो, त्याच्या मागे या, अंतर तुम्ही राखा, व्हिज्युअल मंजूर. आणि पुढच्या विमानाकडे वळलो.

त्याला दिसलं होतं ते धावपट्टीजवळचं जेट. मोठं, ठळक. छोटं विमान त्याच्या नाकाखाली, पूजेच्या दिव्यांत हरवलेलं होतं. तो लांबच्या विमानाच्या मागे जात होता, म्हणजे मधल्या विमानाच्या दिशेने, आणि मध्ये कुणी आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पडद्यावर ते दिसत होतं. दर काही सेकंदांनी चित्र नवं होतं, आणि दर वेळी ते दोन ठिपके आणखी जवळ आले होते. एकदा. दोनदा. तीनदा. मी त्यांच्याकडे बघत होतो. बघत होतो आणि मला ते ठीक वाटत होतं. त्याने दिसतंय म्हटलंय ना, मग वेग कमी करेल आता.

मग माझ्या नजरेच्या कोपऱ्यात काहीतरी पांढरं हललं. तिच्या हातातलं शंखाचं कंगण, लग्न झालेल्या बंगाली बायका घालतात ते. हात कळेकडे निघाला होता.

आणि तेव्हा मी बोललो. व्हिज्युअल रद्द, लगेच डावीकडे वळा, वर चढा.

तिकडून गोंधळलेला आवाज आला, "सर, आम्हाला ट्रॅफिक दिसतंय."

"ते दुसरं आहे. तुमचं उजवीकडे, खाली."

बराच वेळ काहीच नाही. म्हणजे चारपाच सेकंद. मग अगदी बारीक आवाजात, "आता दिसलं."

तो वळला, चढला, एक फेरी मारून सुखरूप उतरला. नियमातलं अंतर तुटलं नाही, थोडक्यात राहिलं. मागे बसलेल्या लोकांना एवढंच जाणवलं असेल की विमान अचानक कललं. कुणी कुरकुरलं असेल, पूजेला घरी पोचायला उशीर झाला म्हणून.

पाळी संपल्यावर तिने कागद माझ्यापुढे सरकवला. खाली लिहिलं होतं, उत्तीर्ण. आणि शेऱ्यात, चूक स्वतः ओळखली, वेळेत सुधारली.

"आता मिठाई," ती म्हणाली. "साधी नाही चालणार. नोलेन गुडाचा, खजुराच्या नव्या गुळाचा, सीझन येऊ दे, मग वसूल करीन."

मी तो शेरा दोनदा वाचला. मग आम्ही चहाच्या खोलीत गेलो. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"तू कळेकडे हात नेलास," मी म्हणालो.

"कधी?"

"मी बोलायच्या आधी."

"हेडसेट टोचत होता, कान खाजवला."

"खोटं बोलू नकोस. तुला मी शिकवलंय."

"खोटं बोलायलाही तुम्हीच शिकवलंय का?" ती हसली. मी हसलो नाही, तेव्हा तिने कप खाली ठेवला. "बरं, नेला. मग? मी दाबली नाही. तुम्ही आधी बोललात. कागदावर एवढंच येतं."

"मी ठिपक्यांकडे बघून नाही बोललो. तुझ्या हाताकडे बघून बोललो. तू शेजारी नसतीस तर आणखी बघत बसलो असतो."

"किती वेळ?"

"माहीत नाही. तेच तर."

तिला राग आला. ती चिडली की सरळ बंगालीत बोलते, आणि मग लक्षात येऊन हिंदीत येते. "दादा, तुम्हाला परत बसवायला मी वर तिघांशी भांडलेय. ते म्हणत होते, कशाला, टेबल द्या त्यांना. मी म्हटलं, त्यांच्यासारखा कान नाही कुणाचा. आता हा कागद मी फाडू?"

"फाडू नकोस. जे झालं ते लिही."

"आणि मग तुम्ही काय करणार? घरी बसून भिंतीला हेडिंग देणार, इकडे वळ, तिकडे वळ? जेवता का तरी घरी? मला काय कळत नाही?"

तिने डोळे पुसले, पदराने नाही, हाताच्या पालथ्या बाजूने, रागाने. "पूजा होऊ दे," ती म्हणाली. "पूजेनंतर बोलू."

"पूजेनंतर शेजारी तू नसशील."

तिने कागद परत घेतला. फाडला नाही आणि बदललाही नाही. नुसता पर्समध्ये ठेवला. म्हणजे आता ते माझ्यावर होतं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. स्वतःची चूक स्वतः लिहून कळवायची. शिक्षेसाठी नाही, इतरांनी शिकावं म्हणून. ते अहवाल पुढे नाव काढून सगळ्यांपुढे वाचले जातात. पण माझ्या अहवालात परीक्षेची वेळ असणार आणि शेजारी कोण होतं ते असणार, तेव्हा आमच्या वरिष्ठांना कळणारच. मी लिहिला की खुर्ची गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं. लिहिला नाही तर सोमवारपासून ती माझी होती. एवढा साधा हिशेब होता, आणि मी त्याला तीन संध्याकाळी लावल्या.

बाहेर ढाक वाजत होते. गल्लीच्या तोंडाशी मंडप होता, सगळी इमारत नवे कपडे घालून खाली उतरली होती. खालच्या बाई भोगाचं ताट देऊन गेल्या. मी जेवणाच्या टेबलावर अहवाल लिहीत बसलो. पहिल्या संध्याकाळी लिहिलं, "विमानांमधलं अंतर कमी होत असल्याचं माझ्या लक्षात आल्यावर". खोडलं. दुसऱ्या संध्याकाळी, "अंतर कमी होताना दिसत होतं, परंतु". तेही खोडलं. कुणाला दिसत होतं? ठिपके पडद्यावर होते, माझे डोळे पडद्यावर होते, आणि मला दिसत होती ती रोजची नीट लागलेली रांग, गेली तीस वर्षं दिसते ती.

खिडकीजवळची वेताची खुर्ची टेबलावरून दिसते. मी मान वर केली आणि मला त्या सकाळचं आठवायला लागलं, आठवायचं नव्हतं तरी. पुस्तक मांडीवर होतं. चष्मा होता. मान डावीकडे होती. श्वास चालू होता का? पदर हलत होता का? मी ते पाहिलं नव्हतं. बुटाची नाडी बांधता बांधता दारातून नजर टाकली आणि रोजची बायको पाहून घेतली. कदाचित ती झोपलेलीच होती. कदाचित नव्हती, आणि मी दार हळू लावलं.

अष्टमीला ताईचा फोन आला. इकडे ये आता, तिकडे कोण आहे तुझं, असं नेहमीचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "एक बरं, झोपेतच गेली ती."

"ताई, मला माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"मी निघालो तेव्हा ती झोपली होती का. मी म्हणतोय झोपली होती. पण मी नीट पाहिलं नव्हतं."

फोनवर पुण्यातल्या तिच्या घरातला मिक्सर ऐकू आला, मग तो बंद झाला. ती माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आहे. "जेवलास का?" तिने शेवटी विचारलं.

"नाही."

"मग जेव आधी. मी फोन धरून बसते."

मी खालच्या बाईंच्या ताटातली खिचडी जेवलो, फोन टेबलावर ठेवून. मधून मधून तिचा खोकला ऐकू येत होता. जेवून झाल्यावर मी अहवालाचं वाक्य लिहिलं. "अंतर कमी होत असल्याचं मी पाहिलं नाही. शेजारच्या पर्यवेक्षिकेचा हात हललेला पाहून मी सूचना दिली." दशमीच्या दुसऱ्या दिवशी तो वरच्या मजल्यावर नेऊन दिला.

वरिष्ठ भले माणूस आहेत. त्यांनी वाचला, चष्मा काढला, परत घातला. "हे दिलंच पाहिजे का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते म्हणाले, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. ते आम्ही दोघांनीही खरं मानलं नाही, आणि हे दोघांनाही कळलं. मला वरच्या मजल्यावर टेबल मिळालं. त्या खोलीला खिडकी आहे. बाहेर पार्किंग दिसतं.

डिसेंबरात, धुकं पडायला लागल्यावर, ते अहवाल वाचण्याची बैठक झाली. नेहमीप्रमाणे एक जण वाचतो, बाकीचे वीसेक जण चहा पीत ऐकतात. माझा तिसरा होता. "एका कंट्रोलरने," अशी सुरुवात झाली. मी शेवटच्या रांगेत होतो. ती पुढे, भिंतीशी, खाली बघत.

वाचून झाल्यावर मागच्या वर्षी बदलून आलेला एक जण म्हणाला, "झोपला होता की काय हा बाबू?"

"पूजेची लाइटिंग बघायला गेला असेल," दुसरा म्हणाला. दोघंतिघं हसले. त्यात वाईट काही नव्हतं. अशा बैठकीत असंच बोलतात, मीही बोललो आहे.

"चुप कोरो तो," ती तिच्या जागेवरून म्हणाली, वर न बघता.

"अरे दिदी, मी फक्त विचारतोय," पहिला म्हणाला. "तीन वेळा चित्र बदललं, तीनही वेळा ठिपके जवळ आले. त्याला दिसलं असणारच. दिसलं आणि त्याने काही केलं नाही, की दिसलंच नाही? दोन्हीत फरक आहे. अहवालात लिहिलंय पाहिलं नाही, पण समोर असताना कसं पाहिलं नाही?"

वाचणारा म्हणाला, "नाव नाहीये यावर. कुणाला विचारणार?"

"मला विचारा," मी म्हणालो.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. ती सोडून.

तो मुलगा उभाच राहिला. "सॉरी सर, मला माहीत नव्हतं."

"सॉरी कशाला. प्रश्न बरोबर आहे तुझा. बस." तो बसला. "वैमानिकाने फार लवकर दिसतंय म्हटलं, आणि मला तेच ऐकायचं होतं. त्यानंतर मी पडद्याकडे बघत होतो, पण तपासत नव्हतो. सगळं ठीक असणार हे मी आधीच धरून चाललो होतो. म्हणून पाहिलं नाही. ठिपके समोर होते, मी पाहिलं नाही."

त्या मुलाने वही उघडली आणि विचारलं, पहिल्यांदा जवळ आले तेव्हा अंतर किती होतं, दुसऱ्यांदा किती. मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं. आणखी एकाने विचारलं, त्या वेळी छोट्या विमानाला खालच्या दिव्यांतून वेगळं ओळखायला काही खूण देता आली असती का. आम्ही त्यावर थोडा वेळ बोललो.

मग वाचणाऱ्याने चहाचा घोट घेतला आणि पुढचा अहवाल उघडला. तो धावपट्टीच्या कडेला दिसलेल्या कोल्ह्यांचा होता.